घराला लागून पत्र्याचं गॅरेज आहे, उन्हाळ्यात बसवत नाही, एसी घ्यावा का कूलर? (हिवाळ्याचाही प्रश्न आहे)

वाइंडिंगवाला_मानवत

नमस्कार मंडळी, मी मानवतचा, जिल्हा परभणी. घराला लागून बारा बाय वीसचं पत्र्याचं गॅरेज आहे, रात्री त्यात गाडी लावतो अन् दिवसा गाडी बाहेर लिंबाखाली, आत माझं मोटार वाइंडिंगचं काम, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याच्या तारेची कॉइल नव्यानं भरायची. पाणबुडी (पाण्यात बुडवून चालवायचा पंप), मोनोब्लॉक (मोटार अन् पंप एकत्र असलेला), पंखे, मिक्सर, जे येईल ते. ज्याच्याकडं शेती आहे त्याला सांगायला नको की मोटारी जळतात त्या मार्च ते मे, विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार कोरडी पळते, नाहीतर व्होल्टेज मिळत नाही, म्हणजे माझा सीझन अन् उन्हाचा सीझन एकच. इतर वेळी दुपारी कुलूप लावून झोपलो असतो पण मे महिन्यात शेतकरी दारात बसलेला असतो, त्याचा भाजीपाला वाळायलाय, त्याला काय सांगणार की ऊन उतरल्यावर या.

परवा दुपारी दोनला टेबलावरचा थर्मामीटर ४४ दाखवत होता अन् तोच लिंबाखाली नेला तर ४०. म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा जास्त. अन् नुसती हवा गरम असती तर चाललं असतं, पण डोक्यावरून इस्त्री फिरवल्यासारखं होतं, पंखा लावला की तीच झळ अंगावर येते. घाम कॉइलवर पडतो ते वेगळंच.

माहिती अशी: छत साधा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा, आठ वर्षं जुना, उंची दहा फूट. पूर्वेला घराची भिंत. पश्चिमेची वीस फुटी भिंत चार इंची विटेची आणि तिकडून उघडं रान. उत्तरेला शटर, दक्षिणेला एक खिडकी. दुकानात विचारलं तर ते म्हणाले पत्रा आहे ना मग दोन टनाचा एसी टाका, दुसरं काही बघूच नका. बजेट सगळं मिळून ४५ हजार, त्याच्यावर एक रुपया नाही.

हिवाळ्याचं असं की वडील ६८ वर्षांचे आहेत, कॉइल अजून तेच भरतात, माझा हात त्यांच्याइतका साफ नाही. डिसेंबर-जानेवारीत परभणीची थंडी पेपरात येतच असते, सकाळी बोटं वळत नाहीत त्यांची. शेगडी पेटवून बसतात अन् शटर अर्धं ओढून घेतात, मला ते बरं वाटत नाही. तर थंड अन् गरम दोन्ही होईल असं काहीतरी सांगा.

शटर_अर्धं_वर

कूलर घे अन् मोकळा हो. लोखंडी बॉडीचा, मोठा, लोकल बनवतात तो. जालन्याला आमचं वेल्डिंगचं शेड आहे, दोन कूलरवर सहा माणसं काम करतात. एसी पत्र्याखाली म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

वाळूज_रेफ्रिजरेशन

मी छत्रपती संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीत याच लाईनीत आहे, बारा-तेरा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

भाऊ, तुमचा थर्मामीटर आत ४४ अन् बाहेर ४० दाखवतो यातच अर्धं उत्तर आहे. ते वरचे चार अंश तुमच्या पत्र्यानं दिलेत. दुपारी साधा पत्रा साठ-पासष्टच्या पुढं तापतो, हात लावून बघा, लावता येणार नाही. तो तापलेला पत्रा खाली उष्णता फेकतो, चुलीसमोर बसल्यावर तोंड भाजतं तशी. हवा मधे असली काय अन् नसली काय, ती किरणं सरळ तुमच्या डोक्यावर. म्हणून पंख्यानं फरक पडत नाही, आणि म्हणूनच आत २८ अंशाची हवा सोडली तरी डोकं तापतच राहणार.

आता हिशोब करा. बारा बाय वीस म्हणजे २४० चौरस फूट, साधारण २२ चौरस मीटर. पत्रा ६५ ला अन् आत तुम्हाला ३० पाहिजे असं धरलं तर नुसत्या छतातून चार किलोवॅटच्या आसपास उष्णता आत येते. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे एक टनापेक्षा जास्त एसी तुम्ही फक्त पत्र्याला थंड करायला विकत घेताय, माणसं, पश्चिमेची भिंत, शटरच्या फटी हे सगळं अजून बाकीच आहे. त्यामुळं दुकानदार दोन टन म्हणाला ते खोटं नाही, पण तो रोगावर औषध न देता जेवणच वाढवायलाय. शिवाय एसीवर जो टनाचा आकडा असतो तो बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. तुमच्याकडं मे मध्ये ४२-४३, तेव्हा तोच एसी कमी थंड करतो अन् करंट जास्त ओढतो, नेमकं गरज असते तेव्हाच.

तेव्हा पहिला खर्च छतावर. वरून पांढरा कूल रूफ रंग (ऊन परत फेकणारा), दोन हात. चुना म्हणतील लोक, पण चुना सिमेंट पत्र्याला अन् स्लॅबला ठीक, जीआय पत्र्यावर नको. चुना क्षारयुक्त असतो, तो जस्ताचा थर खातो, आणि गुळगुळीत पत्र्यावर धरतही नाही, पहिल्या वळवात धुऊन जातो. आठ वर्षांचा पत्रा आहे, आधी तारेच्या ब्रशनं गंज काढा, प्रायमर मारा, मग रंग.

खालून अॅल्युमिनियमचा बबल शीट, जो पत्र्याखाली अँगलला ताणून बांधतात. पण पत्र्याला चिकटवू नका, इथंच सगळे चुकतात. पत्रा अन् शीट यात निदान इंचभर हवा पाहिजे. चकचकीत बाजू उष्णता पुढं फेकत नाही हेच त्याचं काम आहे, चिकटवला की पत्र्याची उष्णता सरळ त्याच्यात जाते अन् तो नुसता शोभेचा राहतो. खालची बाजू खाली तोंड करून असते म्हणून तिच्यावर धूळ बसत नाही, वर्षानुवर्षं काम देते.

थर्मोकोलची सीलिंग करू नका. तुमच्याकडं सोल्डरिंग, ग्राइंडर, थिनर सगळं आहे. एक ठिणगी वर गेली की थर्मोकोल थेंब थेंब जळत खाली पडतो आणि धूर विषारी. आणि नाही जळला तर उंदीर आहेतच.

हे दोन्ही केल्यावर एक उन्हाळा नुसता पंखा लावून बघा, मग ठरवा मशीन कोणतं.

लातूरकर_उभा_रस्ता

वरचं सगळं मान्य, पण पाण्याचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. कूलर पाणी पितो. एक लिटर पाणी वाफ झालं की जेवढी उष्णता ओढून घेतं ती पाऊण युनिटला जराशी कमी, आता तुम्हाला चार-पाच किलोवॅटचा गारवा पाहिजे तर हिशोब करा, तासाला सात-आठ लिटर उडणार. दिवसभर चालवला तर साठ-सत्तर लिटर, म्हणजे पाच घागरी. आम्ही २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कूलर सगळ्यांकडं होते, पण कोरडे, कपडे वाळवायला वापरायचे. मानवतला मे महिन्यात नळ कितव्या दिवशी येतो ते आधी बघ.

अन् बोअरचं पाणी टाकशील तर क्षार. हनीकोंब पॅड (मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार) एका सीझनमध्ये दगड होतो, हवाच जात नाही त्यातून. त्यापेक्षा गवताचा पॅड घे, स्वस्त आहे, दर वर्षी फेक अन् नवा बसव. आणि टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाक, नुसतं वरून भरत राहिलं की क्षार घट्ट होत जातात आणि डासांची पैदास होते ती वेगळी. काढलेलं पाणी लिंबाला.

वाइंडिंगवाला_मानवत

सगळ्यांचे आभार. वाळूजचे दादा, पत्र्याला चिकटवू नका हे सांगितलं ते बरं झालं, मी तेच करणार होतो, दुकानदारानं सोबत चिकटवायचं सोल्युशनपण काढून ठेवलं होतं.

पण कूलरला माझी एक अडचण आहे जी मी आधी लिहायला पाहिजे होती. ओल. पाणबुडीचं ठीक आहे, तिची वायर प्लास्टिकची, तिला वार्निश नसतं अन् तिचा जन्मच पाण्यात जायचा. पण मोनोब्लॉक अन् पंख्याचं वाइंडिंग भरलं की आतला कागद ओल धरतो, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला की काटा खाली. पावसाळ्यात तर स्टेटरमध्ये (मोटारीचा न फिरणारा, कॉइल भरलेला भाग) दोनशे वॅटचा बल्ब लावून रात्रभर ठेवावं लागतं तेव्हा मेगर येतो. आता उन्हाळ्यातपण कूलर लावून मी तेच ओढवून घ्यायचं का? अन् एसी लावायचा तर सगळं बंद करावं लागणार, मग वार्निशचा अन् थिनरचा वास तिथंच फिरत राहणार. वडलांना आधीच खोकला आहे. इकडं आड तिकडं विहीर झालंय.

आणि पाण्याचं म्हणाल तर नळ आठ दिवसाला येतो, बोअर आहे, खारट आहे.

वाळूज_रेफ्रिजरेशन

हा खरा मुद्दा आला आता. थांबा, चहा पिऊन लिहितो.

माठाचं उदाहरण घ्या. एप्रिलमध्ये माठातलं पाणी गार होतं अन् श्रावणात होत नाही, कारण श्रावणात हवा आधीच ओली. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठ. तुमच्याकडं मे च्या दुपारी ४२ अंश अन् आर्द्रता वीस टक्के असेल तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २३ च्या आसपास दाखवेल. चांगल्या पॅडचा कूलर त्या फरकाचा पाऊण भाग मिळवतो, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २८ ची हवा. हा १४ अंशाचा उतार दीडदोनशे वॅटमध्ये कोणताच एसी देणार नाही. जूनमध्ये पाऊस पडला की हेच मशीन बिनकामाचं, नुसती चिकचिक.

आता ओल. तुमच्या मनात आहे की कूलर लावला की खोली पावसाळ्यासारखी होणार. ती होते, जर शटर बंद ठेवलं तर. बहुतेक लोक हेच करतात, एसीसारखं सगळं लावून घेतात. कूलर जेवढी हवा आत टाकतो तेवढी दुसरीकडून बाहेर गेलीच पाहिजे. दक्षिणेच्या खिडकीत कूलर बाहेरून बसवा, त्याच्यावर सावली करा, म्हणजे तो तापलेल्या भिंतीची हवा ओढणार नाही, आणि उत्तरेचं शटर दोन-अडीच फूट वर. हवा सरळ आरपार. अशी चालती हवा असेल तर आत आर्द्रता पन्नास-साठच्या घरात राहते, पावसाळ्याच्या ऐंशी-नव्वदला जात नाही.

आणि वाळवायचा माल कूलरच्या हवेत ठेवायचाच नाही. भरायचं काम कूलरसमोर, वार्निश शटरच्या तोंडाशी जिथून हवा बाहेर जाते, म्हणजे वासही तिकडूनच बाहेर, आणि वाळवायला पत्र्याची एक पेटी करा, दोन बल्ब आत. तुमच्याकडं ऊन फुकट आहे, मे महिन्यात तर काळा रंग दिलेली पत्र्याची पेटी बाहेर उन्हात ठेवली की बल्बचीही गरज नाही. ज्या उन्हानं तुम्हाला हैराण केलंय त्याला कामाला लावा.

वायरमन_हिंगोली

कूलर लोखंडी घेणार असाल तर माझं ऐका. दर उन्हाळ्यात आपल्याकडं पेपरात बातमी असतेच, कूलरमध्ये पाणी टाकताना शॉक लागून बाई गेली, पोरगं गेलं. ओली फरशी, अनवाणी पाय, लोखंडी बॉडी अन् अर्थिंग नावाला. तुम्ही स्वतः वाइंडिंगवाले आहात, दुसऱ्याच्या मोटारीला अर्थिंग बघता पण घरचं बघत नाही कोणी. नवा अर्थिंगचा खड्डा घ्या, ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) बसवा, आणि पाणी भरताना नुसता स्विच नाही तर पिन काढायची, घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आणि प्लास्टिकचा घेतला तर वजन कमी अन् हा धोकाही बराच कमी.

वर बबल शीट सांगितलाय तो अॅल्युमिनियम आहे हे ध्यानात घ्या. पत्र्याखालून सुट्या वायरी लोंबत असतील तर आधी त्या पाईपात घ्या, मग शीट ताणा. एका ठिकाणी वायर सोलली तर सगळं छत लाईव्ह.

अजून एक, एसीवाल्यांसाठी. घरगुती मीटरवर घरातल्या घरात धंदा करायला टॅरिफमध्ये मुभा आहे, महिन्याला ३०० युनिटपर्यंत अन् मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटच्या आत, त्याच्या वर गेलं की व्यावसायिक दर. (वीज नियामक आयोगाचा आताचा आदेश एकदा बघून घ्या.) दीड टनाचा एसी दीड किलोवॅट धरा, दिवसाला सात तास, साडेदहा युनिट, महिन्याला तीनशेच्या वर एकटा एसीच. वर घर अन् तुमचं काम. नुसतं एसीचं बिल नाही वाढणार, सगळ्या युनिटचा दरच बदलेल.

नांदेड_सिडको

मी उलटं सांगतो. मागच्या बाजूला दहा बाय बाराचा भाग प्लायवूडनं अडवून घ्या, त्याला खाली जिप्समची सीलिंग, एक टनाचा इन्व्हर्टर एसी, त्यातही हॉट अँड कोल्ड मिळतो तो घ्या. उन्हाळा-हिवाळा दोन्ही मिटलं. वडील आत बसून कॉइल भरतील, वार्निश बाहेर. पाण्याची कटकट नाही. एकदाच खर्च होतो, रोज रोज घागरी कोण उचलणार. मी माझ्या टेलरिंगच्या खोलीला असंच केलंय, तीन वर्षं झाली.

लातूरकर_उभा_रस्ता

टेलरिंगच्या खोलीत ग्राइंडर चालतो का भाऊ? तांब्याचा अन् लोखंडाचा कीस एसीच्या जाळीत गेला की महिन्याला सर्व्हिसिंग. आणि ४५ हजारात पार्टिशन, सीलिंग, एसी, स्टॅबिलायझर? कसं बसवलं ते सांग, मी पण येतो.

नांदेड_सिडको

ग्राइंडर पार्टिशनच्या बाहेर ठेवायचा ना. बजेटचं मान्य, माझं साठच्या वर गेलं होतं.

माळवद_उदगीर

तरुण मंडळींनो, मी जुन्या माळवदाच्या घरात वाढलेला माणूस. सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर दीड हात माती, वर पांढऱ्या मातीचा लेप. मे महिन्यात दुपारी आत पांघरूण घेऊन झोपायचो अन् हिवाळ्यात तीच खोली उबदार. कारण एवढ्या मातीला तापायला दिवस जातो अन् निवायला रात्र. पत्रा तापायला दहा मिनिटं अन् निवायला दहा मिनिटं. आमच्या लहानपणी ज्याला माळवद परवडत नव्हतं तो पत्र्यावर तुराट्या अन् पाचट टाकायचा. चालायचं ते, पण आता सांगणार नाही, आगीची भीती अन् त्यात विंचू-सापाची वस्ती. त्याच्या जागी शेतीच्या दुकानात शेडनेट मिळतं ना, हिरवं, ७५ टक्क्यांचं, ते पत्र्याच्या दीड-दोन फूट वर तारेवर ताणून घ्या. मधून वारं खेळलं पाहिजे. फक्त अवकाळी वादळ आलं की फाटतं, म्हणून चारी बाजूनं नीट शिवून बांधा, अन् जूनच्या आधी काढून ठेवा, चार वर्षं टिकतं. पश्चिमेच्या भिंतीवर तर दोडक्याचा नाहीतर तोंडल्याचा वेल चढवा, ती भिंतच संध्याकाळी सातपर्यंत अंगावर येत असणार तुमच्या.

आता शेगडीचं. बाळा, ती शेगडी आजच बंद कर. कोळशाच्या धगीतून जो वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला नुसती झोप येते अन् तो उठत नाही. शटर अर्धं उघडं आहे म्हणून भागतंय, एखाद्या दिवशी गार वारा सुटला की वडील शटर पूर्ण खाली ओढतील. आणि शेजारी थिनरचा डबा! थिनरची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरते, शेगडी कुठं असते? जमिनीवरच.

वडलांच्या पायाखाली लाकडी फळी अन् तिच्यावर गोणपाट टाका, गार फरशीनं अर्धी थंडी पायातून चढते. मला गुडघ्यावरून कळतं.

वाळूज_रेफ्रिजरेशन

काकांशी शंभर टक्के सहमत. हीटरचं एवढंच सांगतो की हवा गरम करणारा ब्लोअर घेऊ नका, पत्र्याच्या शेडमध्ये गरम हवा वर जाऊन फटीतून निघून जाते, तुम्ही मानवतचं आभाळ तापवत बसाल. रॉडचा हीटर घ्या जो लाल होतो अन् समोरच्या माणसाला ऊब देतो, ८०० ते १००० वॅट पुरे, भिंतीवर कमरेच्या वर पक्का बसवा, वडलांच्या हाताच्या दिशेनं तोंड. सकाळचे दोन तास, दोन युनिट. आणि तो चालू असताना वार्निशचं काम नाही म्हणजे नाही.

शिवाय बबल शीट हिवाळ्यातही कामाला येतो. तुमच्याकडं डिसेंबरात पहाटे पत्र्याला घाम येत असेल ना?

वाइंडिंगवाला_मानवत

येतो! टपटप पडतो. मी समजत होतो की खिळ्याच्या भोकातून दव गळतंय, दोनदा एमसील लावलं. भरून ठेवलेल्या स्टेटरवर पडलं होतं मागच्या वर्षी, अख्खं वाइंडिंग काढावं लागलं.

वाळूज_रेफ्रिजरेशन

गळती नाही ती. पत्रा रात्री उघड्या आभाळाकडं उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतो, मग आतल्या हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात तसं. खाली शीट आला की आतली हवा पत्र्यापर्यंत फारशी पोचतच नाही. फक्त कडेच्या जोडांना टेप नीट मारा, तिथून हवा वर गेली तर तेवढ्या जागी थेंब येतील.

वाइंडिंगवाला_मानवत

(नऊ दिवसांनी) अपडेट द्यायचं राहिलं होतं. वरून रंग मारला, मी अन् मेहुणा, दोन संध्याकाळी गेल्या, दिवसा चढायची सोयच नाही. शीट ताणला, वायरी आधी पाईपात घेतल्या, वायरमन भाऊ तुमच्यामुळं एक सोललेली सापडलीपण, शटरच्या मोटारची, तिला दोन वर्षांपासून उंदरानं खाल्लेलं असणार. शेडनेट पश्चिमेला भिंतीपुढं लावलंय सध्या, वेल पावसाळ्यात. आतापर्यंत एकवीस हजार गेले.

काल दुपारी दोनला बाहेर ४१ होतं अन् टेबलावर ३८. पंख्याची हवा आता हवा लागते, झळ नाही. वडील म्हणाले कूलरची काही गरज नाही, पण त्यांना उन्हाची सवय आहे, मला नाही, मी घेणार आहे. प्लास्टिकचा, खिडकीत बाहेरून. गवताचा पॅड. नळाचं पाणी साठवून ते कूलरला अन् बोअरचं वापरायला असं उलटं करायचं ठरलंय, घरी त्यावरून जरा वाद झाला.

वाळवायची काळी पेटी केली, त्यात काल दुपारी थर्मामीटर ठेवला तर पारा ७० च्या पुढं गेला. हे जास्त तर नाही ना वार्निशला?

वाळूज_रेफ्रिजरेशन

नाही, चालेल. भट्टीत याच्यापेक्षा जास्तच देतात. फक्त वार्निश मारल्या मारल्या आत ठेवू नका, आधी तास-दोन तास बाहेर निथळू द्या अन् थिनर उडू द्या, बंद पेटीत वाफ कोंडली की धोका. वर एक भोक ठेवा. आणि थर्मामीटर काढून घ्या आतून, पाऱ्याचा असेल तर फुटेल.

वाइंडिंगवाला_मानवत

फुटला.